कॉम्प्युटरची बाराखडी : झेरॉक्सच्या दुकानात राहिलेलं आधार, एपीकेवाली लग्नपत्रिका आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की मोबाईल-कॉम्प्युटरचे जे प्रश्न घरी पोरांना विचारले की "आई, तुला कितीदा सांगायचं गं" असं ऐकावं लागतं ते सगळे इकडे पाठवा. पाठवलेत, आणि भरपूर पाठवलेत. सारखे होते ते एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत. प्रायव्हसीवरच्या सदरात लोकांची नावगावं छापली तर काय शोभा राहील.

प्रश्न : ताई, आमच्याकडे कुठलाही फॉर्म भरायचा तर सेवा केंद्रात नाहीतर झेरॉक्सवाल्याकडे जावं लागतं. तो म्हणतो आधार, पॅन, पासबुक माझ्या व्हॉट्सॲपला टाका, लगेच प्रिंट काढतो. प्रिंट मिळाली की मी 'डिलीट फॉर एव्हरीवन' करते. एवढं बास ना? *(गृहिणी, कराड तालुका)*

उत्तर : नाही हो, बास नाही. तुम्ही डिलीट करता तो चॅटमधला मेसेज. पण प्रिंट काढायला त्याने फाईल आधी त्याच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेली असते आणि ती बसते तिथल्या डाउनलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये, तिला तुमच्या डिलीटचा धक्कासुद्धा लागत नाही. पुढच्या वेळी त्याच्या खांद्यावरून जरा ते फोल्डर बघा. आधार, आधार कंसात एक, आधार कंसात दोन, कुणाचा सातबारा, कुणाचा जातीचा दाखला, कुणाच्या पोराची दहावीची मार्कशीट, पासबुकाचं पहिलं पान, एखादा एक्स-रे, सगळं एकाखाली एक, वर्षावर्षाचं. दुकानदार चोर आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्या बिचाऱ्याला साफ करायला वेळ नसतो इतकंच. पण त्याच कॉम्प्युटरला दिवसभर कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लागतात, तो रिपेअरला जातो, आणि उद्या भंगारात जाईल तेव्हा हार्ड डिस्कसकट जाईल.

मग करायचं काय. एक तर उभं राहून सांगायचं, "दादा, माझं तेवढं उडवता का?" फाईल सिलेक्ट करून शिफ्ट धरून डिलीट दाबलं की ती रिसायकल बिनमध्येही जात नाही. नुसतं डिलीट दाबलं तर बिनमध्ये पडून राहते. लाजायचं नाही, मी दरवेळी सांगते, एकदाही कुणी नाही म्हटलेलं नाही, फारतर "काय मॅडम" म्हणून हसतात.

दुसरं, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ई-आधार उतरवताना 'मास्क्ड आधार' असा पर्याय असतो. त्यात पहिले ८ आकडे झाकलेले आणि फक्त शेवटचे ४ दिसतात. हॉटेलात, लॉजवर, भाड्याच्या घराला, जिथे फक्त तुम्ही तुम्हीच आहात एवढं दाखवायचंय तिथे हेच द्यायचं. सरकारी योजनेच्या फॉर्मला पूर्ण नंबर लागतो, तिथे वाद घालत बसू नका, द्या, पण कागदी झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहा. आणि हो, त्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. तो दुकानात सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतात लोक! तुम्ही स्वतः टाइप करा.

अंगठ्याचंही विचारलंय दोघातिघांनी. आधारवर अंगठा लावून पैसे काढता येतात आणि त्याला ओटीपी लागत नाही, म्हणून ज्यांना काळजी वाटते त्यांनी आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं. फक्त मग रेशन दुकानात अंगठा चालणार नाही, नवीन सिम घेतानाही अडेल, त्या दिवशी तेवढ्यापुरतं अनलॉक करावं लागेल. ज्यांना दर महिन्याला रेशन घ्यायचंय आणि ॲप हाताळायला घरात कुणी नाही त्यांना हा उपद्व्याप झेपणार नाही हे मला मान्य आहे.

तुमच्या कागदांवर दुसऱ्याच कुणी सिम घेतलंय का ते मात्र प्रत्येकाने बघावं. केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं (महाराष्ट्रात माणशी जास्तीत जास्त ९ घेता येतात). ओळखीचा नसेल तो तिथूनच कळवता येतो.

आणि जर तुम्ही त्याला फाईल न पाठवता तुमचंच व्हॉट्सॲप त्याच्या कॉम्प्युटरवर क्यूआर स्कॅन करून उघडलं असेल तर आत्ता, हे वाचतानाच, व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडा. तिथे अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लॉग आउट करा. ते लगेच आपोआप बंद होत नाही, तोवर तुमचे मेसेज तिकडे सुखाने वाचता येतात.

प्रश्न : माझ्या पुतण्याच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. उघडायला गेलो तर फोनने काहीतरी परवानगी मागितली, मी 'अलाऊ' केलं, पत्रिका काही उघडली नाही. पुतण्याला फोन केला तर तो म्हणतो काका, मी पाठवलीच नाही. पैसे अजून गेलेले नाहीत. *(एसटीतून निवृत्त, नांदेड)*

उत्तर : काका, तुमचं पत्र माझ्यापर्यंत यायला वेळ लागला असणार, आम्ही तुम्हाला फोनवर कळवलंय, पण सगळ्यांसाठी परत सांगते कारण हा प्रकार सगळीकडे चाललाय. लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, पीएम किसानची यादी, बँकेचं केवायसी, वेष्टन कुठलंही असो, आतली वस्तू एकच.

पत्रिका म्हणजे एक तर फोटो असतो नाहीतर पीडीएफ नाहीतर व्हिडिओ. या उघडून बघायच्या फाईली. तुम्हाला आलेल्या नावाच्या शेवटी 'एपीके' असं होतं. एपीके म्हणजे ॲन्ड्रॉइडवर ॲप इन्स्टॉल करायचं पुडकं, ती बघायची वस्तू नाहीच, ती फोनमध्ये बसवायची वस्तू आहे. प्ले स्टोअरबाहेरून आलेलं ॲप बसवायच्या आधी फोन विचारतो की अनोळखी ठिकाणचं आहे, बसवू का? इथे आपण घाईत हो म्हणतो. मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि ती मिळाली की तुमच्या बँकेचे ओटीपी तुमच्या आधी त्याला कळतात. आयकॉन लपवून बसतं, म्हणून तुम्हाला वाटतं काही झालंच नाही. त्यातून तुमचं व्हॉट्सॲप त्या चोरांच्या हाती लागलं की तुमच्या नावाने तीच पत्रिका पुढच्या शंभर लोकांना. तुमच्या पुतण्याचं हेच झालंय, त्याला ओरडू नका.

झालं तर पहिली गोष्ट, मोबाईल डेटा आणि वायफाय बंद, सरळ एअरप्लेन मोड. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन करून खातं, कार्ड, यूपीआय थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३० ला फोन, ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, इथे कळवलं की पैसे ज्या खात्यात गेले तिथे गोठवायची खटपट सुरू होते, आणि ती पैसे पुढे चौथ्या-पाचव्या खात्यात पोचायच्या आत व्हायला हवी, म्हणून "उद्या मुलगा आला की बघू" चालत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याचा भुर्दंड बँकेवर असतो, म्हणून तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा. मग फोटो-बिटो बाजूला काढून फोन फॅक्टरी रिसेट. नुसतं ॲप काढून भागेल अशी खात्री मी देणार नाही.

आणि बँकेचा पासवर्ड, यूपीआय पिन बदलायचा तो दुसऱ्या स्वच्छ फोनवरून. त्याच फोनवरून बदलून काय उपयोग!

प्रश्न : लाडकी बहीणच्या ई-केवायसीसाठी आमच्या महिलांच्या ग्रुपवर दोन-तीन वेगवेगळ्या लिंक फिरत होत्या. सगळ्यांवर मुख्यमंत्र्यांचा फोटो, सगळ्यांना कुलपाचं चिन्ह. खरी कुठली ते कसं ओळखायचं? *(बचत गटातली ताई, बार्शी)*

उत्तर : फोटोवरून कधीच नाही. फोटो, लोगो, तिरंगा पट्टी हे सगळं पाच मिनिटांत कॉपी होतं. कुलपाचंही ऐका : पत्त्याशेजारचं ते कुलूप म्हणजे तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंतचा मजकूर वाटेत कुणी वाचू शकत नाही, बास. पाकीट चिकटवलेलं आहे एवढंच त्यावरून कळतं, पाकीट पोचलं त्या घरात कोण बसलाय ते नाही. चोरालाही कुलूप फुकट मिळतं. लोक कुलपावर फारच भरवसा ठेवायला लागले म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

बघायचा तो पत्ता, आणि तो मागून वाचायचा. एचटीटीपीएस आणि दोन तिरक्या रेघा सोडून द्या, त्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोधा, आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते वाचा. तिथे 'डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तर सरकारी, कारण ते नाव सरकारी खात्यांनाच मिळतं. 'लाडकीबहीण-जीओव्ही-इन डॉट कॉम' असेल तर तो सगळा देखावा आहे, खरा मालक त्या डॉट कॉमवाला. जीओव्ही हा शब्द पत्त्यात कुठेतरी असून चालत नाही, शेवटी असायला हवा. हे एकदा ग्रुपमध्ये सगळ्यांना फोनवर करून दाखवा, वाचून पटकन लक्षात येत नाही पण बोट ठेवून दाखवलं की येतं, माझ्या संध्याकाळच्या बॅचमध्ये सत्तरीतल्या आज्या करतात.

बँकांचंही आता असंच झालंय. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं, ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. तेव्हा बँकेच्या नावाची लिंक आली आणि शेवटी ते नसेल तर जरा थांबाच.

प्रश्न : एवढी प्रायव्हसी प्रायव्हसी कशाला? मी पेन्शनर माणूस, माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय? गुगलला कळलं मी सकाळी फिरायला कुठे जातो तर बिघडलं काय? *(एक काका, डोंबिवली)*

उत्तर : काका, गुगलला तुमचा फिरायचा रस्ता कळला तर तुमचं फारसं बिघडणार नाही, मान्य. पण तुमच्या फोनमध्ये एकटे तुम्ही कुठे आहात? त्यात तुमच्या सुनेचा नंबर आहे, नातीचे फोटो आहेत, शेजाऱ्यांनी पाठवलेले त्यांचे रिपोर्ट आहेत. एखाद्या टॉर्चच्या ॲपला किंवा पंचांगाच्या ॲपला तुम्ही 'कॉन्टॅक्ट्स अलाऊ' करता तेव्हा परवानगी तुमची आणि नंबर त्या सगळ्यांचे. झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सनी हेच केलं. पाच-दहा हजारांचं कर्ज, त्यासाठी कॉन्टॅक्ट्स आणि गॅलरी वाचायची परवानगी, आणि हप्ता चुकला की कर्जदाराच्या मेव्हण्याला, ऑफिसातल्या साहेबाला, शाळेतल्या मैत्रिणीला फोन, बदललेले घाणेरडे फोटो. ज्यांनी एक पैसा घेतला नव्हता त्यांनाही त्रास. शेवटी ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरने कर्जाच्या ॲप्सना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो मागायलाच बंदी केली. पण लिंकवरून एपीके बसवलं तर ती बंदी तिथे लागू होत नाही, कळलं ना.

आणि पेन्शनरांचं म्हणाल तर, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं, त्या केसमधले अर्जदार न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक हायकोर्टातून निवृत्त झालेले, अर्ज केला २०१२ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर. त्यांच्याकडेही लपवण्यासारखं काही नसेल बहुतेक. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल डेटाचा कायदा झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिने मिळाले. कामापुरतीच माहिती मागायची, तुम्ही संमती मागे घेतली तर थांबायचं, असं त्यात आहे, आणि दंड २५० कोटींपर्यंत. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात दुकानात बिल करताना "मोबाईल नंबर?" म्हटलं की अजूनही आपण पाठ म्हणतोच. कशाला हवाय विचारा एकदा. बहुतेक वेळा "नसला तरी चालेल" असं उत्तर येतं.

फोनमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, परमिशन मॅनेजर असं जा. तिथे लोकेशन, माइक, कॉन्टॅक्ट्स अशी एकेक खिडकी उघडून कुठल्या ॲपला काय दिलंय ते दिसतं. पंचांगाला माइक कशाला? काढून टाका. ॲप रुसलं तर परत देता येतं.

प्रश्न : जुना लॅपटॉप आहे, विंडोज १०. दुकानदाराने ऑफिस, फोटोशॉप सगळं "फुकटात मारून" दिलंय, फक्त ॲन्टीव्हायरस बंद ठेवा म्हणाला. आता म्हणतो विंडोज १० संपलं, नवीन घ्या. *(डीटीपी करणारा वाचक, इचलकरंजी)*

उत्तर : ॲन्टीव्हायरस बंद ठेवा, या एका वाक्यात सगळं आलं की हो. क्रॅक म्हणजे सॉफ्टवेअरचा परवाना तपासणारा भाग कुणीतरी तोडून टाकलेला असतो. तो कुणी तोडला, तोडताना आत आणखी काय घातलं, हे तुम्हालाही माहीत नाही आणि दुकानदारालाही नाही, आणि पहारेकऱ्याला झोपवून मगच ते आत येतं. घरी सिनेमे बघायचा लॅपटॉप असता तर मी एवढं बोलले नसते, पण तुमच्याकडे गिऱ्हाइकांची लग्नपत्रिका, बायोडेटा, शाळांचे पेपर येतात.

विंडोज १० 'संपलं' म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले, लॅपटॉप बंद पडत नाही. घरगुती वापराच्या मशीनला मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय दिली, ती सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नाव नोंदवून घ्यावी लागते. विंडोज ११ जुन्या मशीनवर चढत नाही कारण त्याला टीपीएम २.० नावाची चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तेव्हा लगेच नवीन घ्यायच्या आधी एक करून बघा, लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. फुकट, कायदेशीर, आणि पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, इन्स्टॉल न करता. ऑफिसच्या जागी लिबरऑफिस.

तुमची खरी अडचण फॉन्टची येणार. श्री-लिपी, कृती देवमधल्या जुन्या फाईली तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा भलताच कचरा दिसतात, कारण त्यात मराठी अक्षर म्हणून काही साठवलेलंच नसतं, इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी चित्र बसवलेलं असतं. नवीन काम तरी युनिकोडमध्ये करा, त्यात खरं मराठी अक्षरच साठवलं जातं. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आयता आहे, भाषेच्या सेटिंग्जमधून चालू करायचा. छपाईवाला जुनंच मागतो हे मला माहितीये, त्याला पीडीएफ द्या.

प्रश्न : इन्कॉग्निटो लावलं की कुणालाच कळत नाही ना? *(बी.कॉम.ची विद्यार्थिनी, पणजी)*

उत्तर : इन्कॉग्निटो म्हणजे ब्राउझरची हिस्ट्री न ठेवणारी खिडकी. तुझ्या लॅपटॉपवर तुझ्यानंतर बसणाऱ्याला हिस्ट्री दिसत नाही, एवढंच. कॉलेजच्या वायफायवाल्याला, नेट देणाऱ्या कंपनीला आणि तू ज्या साइटवर गेलीस तिला कळतंच. सायबर कॅफेत किंवा लायब्ररीत लॉगिन करायचं असेल तर मात्र जरूर वापर, खिडकी बंद केली की लॉगिन उडतं. डाउनलोड केलेली फाईल उडत नाही, ती हाताने काढायची.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, आई-बाबा पुण्यात. त्यांच्या फोनमध्ये स्क्रीन कंट्रोल करायचं ॲप टाकून ठेवलंय, इथून मी सगळं करून देतो. सुरक्षित आहे का? *(मुलगा)*

उत्तर : तुमच्यासाठी सोयीचं, पण त्या ॲपचा कोड विचारणारा दरवेळी तुम्हीच असाल कशावरून? बँकेतून बोलतोय, तुमचं ते ॲप उघडा आणि आकडे सांगा, इतकंच पुरतं, कारण ॲप तर आधीच बसलेलं आहे आणि आईला सवय आहे आकडे सांगायची. अशा ॲप्सबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. काढून टाका. व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर होते, त्यात तुम्हाला फक्त दिसतं, बोट त्यांचंच राहतं, शिकतातही. तेसुद्धा कॉल आई-बाबांनी तुमच्या सेव्ह केलेल्या नंबरवर स्वतः लावला असेल तरच, आलेल्या कॉलवर नाही, आणि बँकेचं ॲप शेअर चालू असताना उघडायचं नाही.

आणि मुलं परदेशात, घरात दोघंच, हे हेरून 'डिजिटल अरेस्ट'वाले फोन करतात. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. आईला हे नुसतं सांगू नका, बाबांना खोटा इन्स्पेक्टर करा आणि एकदा तालीमच घ्या. फोन ठेवायची सवय व्हावी लागते, आपल्याकडच्या जुन्या माणसांना समोरचा बोलत असताना फोन ठेवणं उद्धटपणा वाटतो.

प्रश्न : पासवर्ड लक्षात राहत नाहीत. वहीत लिहिले तर चालतात का? *(निवृत्त शिक्षिका, सातारा)*

उत्तर : चालतात बाई, खुशाल लिहा, फक्त वही कपाटात. रशियातला हॅकर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही, पण सगळीकडे एकच पासवर्ड असेल तर कुठल्यातरी साड्यांच्या साइटवरून फुटलेला पासवर्ड तो तुमच्या ईमेलला लावून बघतोच. म्हणून ईमेलचा आणि बँकेचा वेगळा, लांबलचक, चार-पाच असंबद्ध शब्दांचा. नातवाचं नाव आणि जन्मसाल नको, ते फेसबुकवर आहे. यूपीआय पिन मात्र वहीतही नको, आणि तो पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही.

प्रश्न : जुना फोन ओएलएक्सवर विकायचाय, फोटो डिलीट केले की झालं? *(नाशिक)*

उत्तर : नाही. आधी व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, मग गुगल अकाउंट सेटिंग्जमधून काढा, नाहीतर फोन घेणाऱ्याला रिसेटनंतर तुमचाच पासवर्ड मागू शकतो आणि तो तुम्हाला रात्री अकराला फोन करेल. मग यूपीआय ॲपमधून बँक खातं काढा, आणि सगळ्यात शेवटी फॅक्टरी रिसेट. सिम आणि मेमरी कार्ड हाताने काढून घ्या, कार्डावरचं रिसेटने पुसलं जाईलच असं नाही.